पास माझ्याकडं, माणूस तिकडं

"पास माझ्याकडं हाय बाई, आन् माणूस तिकडं गेलाय!" काउंटरवर हात आपटत रुद्रम्मा म्हणाली.

विमानाच्या गेटवरच्या मुलीने संगणकातून मान वर काढली. "आजी, पासशिवाय या दारातून कुणी आत जाऊच शकत नाही. आजोबा बाथरूमला गेले असतील, बघा."

"बघून आले. न्हाईत तिथं."

रुद्रम्मा फक्त पाण्याची बाटली भरायला उठली होती. परत येऊन बघते तो चन्नबसप्पांची खुर्ची रिकामी. नळदुर्गच्या हायवेवर टायरचं दुकान चालवण्यात हयात घातलेला तिचा नवरा, दोन वर्षांपासून विसरण्याच्या आजाराने पोखरला होता. आधी गिऱ्हाइकांची तोंडं विसरली, मग घरची वाट, आणि आता तर मराठीही अधूनमधून रुसून बसायची. पक्की राहिली होती ती आईकडून आलेली कानडी.

दिल्लीत लेकीने, शिवलीलाने, मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली होती. निघताना धाकटा दीर गौरीशंकर दारात आडवा झाला. "वैनी, दादाला कुठं फिरविता? मागल्या खोलीत ठिवा, भायेरून कडी घाला. ह्या दुखण्यात लोक तसंच करत्यात."

"माणूस हायेत ते, म्हैस न्हाय," असं ठणकावून रुद्रम्मा गाडीत बसली होती. आज नवरा हरवला तर ती कडी जन्माची लागणार, हे ती पुरतं ओळखून होती.

शेजारच्या खुर्चीवर क्षमा नावाची तरुणी बसली होती, मुलाखतीसाठी दिल्लीला निघालेली. ती उठून काउंटरशी आली. "मॅडम, मी पाहिलंय. पलीकडच्या दारातून बेंगळुरूच्या विमानाला एक लग्नाचं वऱ्हाड गेलं. तुमच्या माणसाने निम्म्यांचे पास बघितले आणि बाकीच्यांना नुसतं 'चला, चला' करून सोडलं. आजोबा त्यांच्यातच गेले असणार."

"कानडीत बोलत व्हते का गं ते लोक?"

"हो, सगळेच."

मग विचारायलाच नको. कानडी कानावर पडली की चन्नबसप्पा आपलीच माणसं समजून मागोमाग चालू लागायचे. रुद्रम्माने कपाळावर हात मारून घेतला.

गडबड ऐकून एक अधिकारी आला. त्याने पासवरचं नाव वाचून वॉकीटॉकीवर निरोप दिला आणि उत्तर ऐकून मान हलवली. "विमानात नाव पुकारलं, आजी. कुणीच हात वर केला नाही. ते आता दार लावतायत."

"विंग्रजीत पुकारलं आसंल! त्यास्नी काय कळणार? मला न्या तिथं."

"तसा नियम नाही."

"वा रे नियम! बिनपासाचा माणूस आत सोडताना कुठं गेलता तुमचा नियम? आन् त्याला भायेर काढाया तेवढा आडवा येतूय व्हय?"

रांगेत हशा पिकला, पण लगेच विरला. "म्हणजे आमच्याही विमानात असा कुणीही शिरू शकतो?" एका गृहस्थांनी विचारलं. मागून एक बाई म्हणाली, "मागच्या खेपेला माझाही पास न बघताच सोडलं होतं मला. तेव्हा बरं वाटलं, लवकर सुटले म्हणून." एकेक जण बोलू लागला. ज्याच्या त्याच्या मनात हे कधीचं सलत होतं, फक्त तोंड कुणी उघडलं नव्हतं.

दिल्लीच्या विमानात बसण्याची हाक झाली. एकही माणूस हलला नाही.

"आजोबा सापडल्याशिवाय आम्ही चढत नाही," क्षमा म्हणाली आणि साऱ्या रांगेने तिचं म्हणणं उचलून धरलं. अधिकाऱ्याचा चेहरा पडला. त्याने बेंगळुरूचं विमान थांबवायला सांगितलं आणि रुद्रम्माला जीपमध्ये बसवलं.

विमानाच्या दारात ती उभी राहिली. समोर नुसती डोकीच डोकी.

"अहो!" तिने हाक दिली. पाच-सात पुरुषांनी सवयीने माना उंचावल्या. त्यांत तिचा नव्हता. "ओ शिवलीलाचे अप्पा!" काहीच नाही.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूने बजावलं होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर रुद्रम्माने ते कधी जिभेवर येऊ दिलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीकडून वदवून घ्यायची. पण आता गप्प बसावं तर माणूस हातचा जात होता. घटलं तर घटू दे, कडीआड जगण्यापरीस बरं, असं तिने मनाशी ठरवलं. आणि पदर खोचून, सासू उंबऱ्यातून 'इकडं ये' म्हणून घालायची तशी कानडीत खणखणीत हाक घातली.

"चन्नबसप्पा! बा इल्ली!"

पार शेवटच्या ओळीत खिडकीपाशी एक हात वर झाला. "बंदे! आलो, आलो!"

धोतराचा सोगा सावरत चन्नबसप्पा हसत हसत पुढे आले. आधी वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या, मग अख्ख्या विमानाने. रुद्रम्माला रडू आणि हसू एकदमच फुटलं. उभ्या जन्मात तिने एवढी मोठी लढाई जिंकली नव्हती.

शिडी उतरताना चन्नबसप्पा मध्येच थांबले. "माझं नाव घेतलंस व्हय गं?"

"घेतलं."

"चारचौघांत?"

"आख्ख्या इमानात घेतलं. आता रोज घेणार."

त्यांनी थोडा विचार केला. "घे की," ते म्हणाले.

गेटवर लोक त्यांची वाट पाहत होते. अधिकाऱ्याने चाकाची खुर्ची पुढे केली, "तुम्ही दोघं आधी चला."

"पाय धड हायेत त्यांचे. आन् रांग हाय न्हवं? रांगेतच येतो आमी."

आता पास एकेक करून तपासले जात होते. वेळ लागत होता, तरी कुणी कुरकुरत नव्हतं. त्यांची पाळी आली तेव्हा रुद्रम्माने नवऱ्याचा पास त्यांच्याच हातात दिला. मुलीने पास पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा पास पाहिला.

"बघ माय, नीट बघ," रुद्रम्मा म्हणाली. "आमाला घाई न्हाय."

चन्नबसप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते ताठ उभे राहिले.