तळहातावरचे घट्टे

सिंदीच्या स्टेशनामागे कातड्यांचं गोदाम होतं. कातड्यांना कीड लागू नये म्हणून माझे वडील तानबा तिथे वीस वर्षं ती सोमलाच्या पाण्यात बुडवून काढत. हात उघडेच. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले, आणि त्यानंतर गोदामाकडे फिरकले नाहीत.

तळहातावरचे घट्टे मात्र गेले नाहीत. ज्वारीच्या दाण्याएवढे, टणक. दीड वर्षानं माझ्या बहिणीचं, कांताचं, लग्न ठरलं. नव्या रीतीचं, वस्तीतलं पहिलंच. सगळ्यांसमोर हात जोडून उभं राहायचं तर हात स्वच्छ हवेत, असं बाबांनी मनात घेतलं. रोज आंघोळीला बसले की घट्टे खरडत.

"जुन्या कामाची खूण आहे थे. निघालीच पाह्यजे," म्हणायचे.

मी तेव्हा नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. खरडायला वजरी मीच आणून दिली. सोमल म्हणजे आर्सेनिक, त्याचे गुणधर्म मला पाठ होते. तरी एवढा साधा प्रश्न मला पडला नाही: काम थांबलं की घट्टा काही महिन्यांत मऊ पडतो, हा का पडत नाही?

तो प्रश्न पडला लग्नानंतर. उजव्या हाताचा एक घट्टा फुटून जखम झाली होती. कडा वर उचललेल्या, चार महिने न भरलेली. पाठीवर काळपट डाग, त्यांत फिकट ठिपके. काखेत गाठ. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि मला बाहेर नेलं.

"कॅन्सर आहे. काखेपर्यंत गेलाय. आता हात कापूनही उपयोग नाही."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. सोमल अंगात मुरतो. वर्षानुवर्षं त्यात राहिलेल्या पेशी बिघडतात आणि पुढे कधीतरी बेताल वाढू लागतात. नेमकं कसं, ते अजून कोणाला नीट माहीत नाही.

"म्हंजे मी काम सोडलं तवा थे आंदर होतंच?"

"हो."

"अन् खरडल्यानं झालं का?"

"खरडल्यानं नाही झालं. पण त्यामुळे दिसायचं ते दिसलं नाही. लवकर कळलं असतं तर..." वजरी मी आणली होती.

बाबांनी हात मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "कवडूले बोलाव. थो बी होता माह्यासंगं."

कवडूकाका आले ते थट्टा करतच. "काय तानबा, लेक सासरी धाडली अन् लगेच खाट धरली?"

"हात दाखव तुहा."

काकांचा उजवा हात शेल्याखाली गेला. गोदामाचं नाव वस्तीत आता कोणी काढत नसे. काका तिथे कामाला होते हे त्यांच्या सुनेलाही ठाऊक नव्हतं.

"काऊन?"

"गोदामातल्या पाण्यानं झालं हे. पोरगं सांगून राह्यलं."

"मी कुठं होतो गोदामात? येड लागलं काय तुले?" काका उठून गेले.

"लाजते थो," बाबा म्हणाले. "मीबी लाजलोच. तू सोडू नको त्याले."

पौषात बाबा गेले. माती देऊन परतताना सगळे नाल्यावर हातपाय धुऊन पुढे निघाले. कवडूकाका मागे राहिले. माझ्याशेजारी उकिडवे बसून त्यांनी ओला तळहात उघडला. मी घट्टे मोजले. अकरा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला एक फुटला होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"उद्या सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जाऊ, काका."

त्यांनी मूठ मिटली. "उद्या नाई. उद्या समदे तुह्या घरी बसाले येतीन. मी नसलो त विचारतीन, कवडू कुठं गेला म्हणून."