अर्थिंगच्या सळईपाशी ओतलेलं पाणी

या, जरा पुढं सरकून बसा मायबापहो. देवाचं नाव घेऊन आज मासाउकोच्या पोटातल्या जळजळीची गोष्ट सांगतो.

वीस वर्षं चिंगोले गावात दिवा लागला तो मासाउकोच्याच हातानं. पण जुन्या गिरणीच्या जागी मक्याची नवी गिरणी झाली, आणि गावप्रमुख बाईंनी वायरिंग दिलं शहरात शिकून आलेल्या लिंबीकानीला. त्याच्यापाशी आकडे दाखवणारा मीटर होता, मासाउकोपाशी नुसता टेस्टर. रविवारी चर्चमध्ये अख्खा गाव टाळ्या वाजवत गाई, आणि मासाउकोची नजर पुढच्या बाकावरल्या लिंबीकानीच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर.

"देवाच्या दारात तरी त्या पोराला डोळ्यांनी खाऊ नका," बायको नाचिसाले पुटपुटली.

"मी गातोय."

"व्हय, ओठ मिटून."

ऑक्टोबरातली दुपार, तिकडं पावसाला अजून महिना. भेगांत हात जाईल अशी जमीन तडकलेली. मासाउको गिरणीवर गेला तो खोट काढायलाच.

"बघा काका," लिंबीकानी म्हणाला. "केबल सोलवटून वीज गिरणीच्या लोखंडात उतरली, तरी अर्थिंगमधनं जमिनीत जाईल न् ब्रेकर खटकन पडंल. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं, न् हितं तर झकास हाय. उद्या उद्घाटन."

मासाउकोनं जोड पाहिले, केबल पाहिली. काम देखणं होतं. जीव आणखीच जळला. मग नजर अर्थिंगच्या सळईकडं गेली. भोवती माती भाजलेली, आणि सळईपाशी मात्र हिरवंगार गवत.

दळायच्या आधी बाया मका भिजवतात, आणि ते आंबूस पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात ओततात. आकडा त्या ओलीचा होता. आता मोरी बांधली होती पलीकडं. उद्यापासून पाणी तिकडं जाणार, आठवड्यात सळई कोरडी.

मासाउको घरी आला. आठ दिवस गप्प बसायचं. मग कधी केबल सोलवटली की कुणाला तरी झटका बसेल, आणि मीटरवाल्याचं नाव मातीत. मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाचा घास गोड लागला.

"बरं झालं गिरणी झाली," नाचिसाले मका निथळत म्हणाली. "आता दर आठवड्याला मीच जाईन." कोपरापर्यंत हात ओले होते तिचे.

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. तसाच उठून तो गिरणीवर गेला.

"पोरा, तुझ्या आकड्यात माझ्या बायकोचं पाणी हाय. कोरड्यात सळई ठोकून बघ."

लिंबीकानी हसला. पण दहा पावलांवर ठोकून मीटर लावला, तसा आकडा भलताच चढला आणि हसू मावळलं. वीज लोखंडात उतरली असती तरी ब्रेकर ढिम्म हलला नसता.

"काका, मी बाईंना सांगतो, हे तुम्हीच..."

"आधी घण धर."

दिवस मावळेपर्यंत दोघांनी खालची ओल लागेतो तीन लांब सळया ठोकल्या, एकमेकींना जोडल्या. आकडा खाली आला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला गावप्रमुख बाई म्हणाल्या, "या पोराचा मीटर बघा, जमिनीच्या पोटातलं वळखतो." लिंबीकानीनं तोंड उघडलं, तोवर ढोल सुरू झाले. मासाउकोचं पोट पुन्हा जळायला लागलं. बायकोनं मात्र गिरणीच्या लोखंडावर ओला हात ठेवला, आणि गर्दीतून त्याच्याकडं पाहिलं.

मायबापहो, दळण न्याल तेव्हा मीटरवाल्याला खुशाल दुवा द्या. पण मासाउकोचीही थोडी आठवण ठेवा. पोट जळत होतं त्याचं, तरी पाय चालले.