गावपळणीआधीची नक्कल

मी एक जुना संगणक आहे. आचऱ्याजवळच्या एका गावात, बर्फाच्या कारखान्यात माझं टेबल आहे. मित्रांनो, माझ्या पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती हिरवी अक्षरं. पण कुठलं यंत्र कधी चालवायचं, हे मीच ठरवतो. बोटी समुद्रात जातात त्या माझा बर्फ घेऊन.

मी आलो तेव्हा मला हार घातला होता. पुढे मला घडवणारी कंपनी बंद पडली. माझा प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही आणि नवा प्रोग्राम मला पेलत नाही. खारं वारं माझा पत्रा खात राहिलं. मला चालवणारी फेलिसिदाद तेवढी रोज ब्रशने धूळ काढी. मालक गुरुदास हसायचे, "आवस पोराक जपता तसा जपतंस गो ह्या खोक्याक!"

यंदा गावपळण आली. देवाचा कौल झाला की आमच्याकडे सारा गाव, सगळ्या धर्मांची माणसं, गुरं-कोंबड्यांसह वेशीबाहेर राहायला जातो. तीन रात्री गावात दिवा लागत नाही. मग मला बंद करणं भागच होतं. एरवी वीज गेली तरी मी बॅटरीवर जागा असे. जुनी हार्डडिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही, हे फेलिसिदाद जाणून होती. ती फिरली नाही तर बर्फ नाही, आणि बोटी किनाऱ्यालाच.

कुडाळच्या भंगारातून तिने माझ्याच जातीची दुसरी हार्डडिस्क आणली.

"चलता हा मगे! कित्याक हात लावतंस?" गुरुदास म्हणाले.

"चलता हा तोपर्यंतच नक्कल करूक व्हयी, भाऊ. बंद पडलो तर कोणाक इचारतलास?"

बाहेर बैलगाड्या निघाल्या. हाका आल्या. ती माझ्यासमोर बसून राहिली, शेवटचं अक्षर त्या दुसऱ्या हार्डडिस्कवर उतरेपर्यंत.

पुढचं मला आठवत नाही. तिच्याकडूनच कळलं. गाव परतला, तिने बटण दाबलं. माझी जुनी हार्डडिस्क खडखडली आणि गप्प झाली. गुरुदास खाली बसले. तिने नक्कल केलेली बसवली. हिरवी अक्षरं उमटली.

"वळाखलंस माका?" तिने विचारलं.

गुरुदास हसले नाहीत. त्यांनी माझ्या गंजक्या पत्र्यावर हात ठेवला.

मित्रांनो, जुनं चालतंय म्हणून त्याला विसरू नका. चालतंय तोवरच त्याच्याजवळ बसा, त्याच्यापाशी आहे ते उतरवून घ्या. त्या तीन रात्री माझ्यात नाहीत. बाकी सारं आहे, कारण गाव निघाला तेव्हा कुणीतरी माझ्याजवळ थांबलं होतं.