पूजेला बसवलेला नांगर

मी नावेचा नांगर बोलतोय. शेतातला नव्हे बरं का. आमच्या हिंगोली जिल्ह्यात नांगर म्हटलं की सगळे रानाकडंच बघतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. सध्या मी सिद्धेश्वर धरणाच्या काठी, पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात अर्धा रुतलोय. म्हशी येऊन माझ्यावर अंग घासतात. घासू दे.

माझा जन्म कळमनुरीचा. बद्रुद्दीन मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरच्या लोखंडातून मला घडवलं. चार टोकं वळवली, वर कडी बसवली आणि मला नाववाल्या ग्यानबाच्या हाती देताना म्हणाले, "डूबना इसका काम है, ग्यानबाभाऊ. रस्सी पक्की बांधो, बाकी ये देख लेगा."

ग्यानबाची नाव लोखंडी, इंजनाची. धरणाचं पाणी आमच्या ओढ्यात लांबवर शिरलंय. अलीकडं वस्ती, पलीकडं डांबरी सडक. हळदीची पोती, मोटारसायकली, आजारी माणसं नावेतून जात. पायी जाणाऱ्यांसाठी वस्तीनं खालच्या अंगाला पूल केला होता. निळे प्लास्टिकचे ड्रम तारेनं एकमेकांना बांधलेले, वर फळ्या. पाऊल टाकलं की डुलायचा. पण माणसाची भीती सवयीनं मरते. त्या डुलत्या पुलावर उभं राहून लोक निवांत मोबाईलवर गप्पा मारायचे.

एकदा धम्मानंदनं काठावर सगळ्यांना मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं असलं काही आधी त्याच्याकडं यायचं. परदेशातलं मालाचं जहाज, गावाएवढं. बंदरातून निघताना त्याची वीज गेली, इंजन बंद पडलं, आणि ते आपसूक जाऊन पुलाच्या खांबावर आदळलं. अख्खा पूल खाली आला.

"त्याला नांगर नव्हता का?" ग्यानबानं विचारलं.

"टाकला होता म्हणे. पण एवढं धूड, थांबतंय कशाला. आपल्या पुलापुढं पण लाकडी खांब ठोकायला पायजेत, काका. नाव कधी सुटली तर खांबावर अडकंल."

"आपली नाव लहान हाय. आपला नांगर बराबर धरतो." ग्यानबानं माझ्यावर हात ठेवला. मी फुगलो, खोटं कशाला बोलू. खांबांचं दसऱ्यानंतर बघू, असं ठरलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुजायची, आणि पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ग्यानबाची बायको अनुसयाबाई सणावाराला फार जपणारी. तिनं मला नावेतून सोडवून आणलं, चिंच लावून घासलं, काठावरच्या पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

दुपारी धम्मानंद पळत आला. त्याची बायको सरिता अडली होती. कळा चालू, डुलत्या पुलावरून चालणं तिच्यानं होणार नव्हतं. पलीकडं गाडी थांबवली होती.

इंजनालाही हार होता, पण ते नावेलाच पक्कं बसवलेलं. ग्यानबा त्याच्या पाया पडला आणि दोरी ओढून सुरू केलं. मग माझ्याकडं वळला.

"त्याला नका उचलू," अनुसयाबाई म्हणाली. "पूजा उठायची हाय अजून."

"राहू दे इथंच. आत्ता जाऊन आत्ता येतो."

मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला तोंड कुठं असतं.

वर पाऊस झाला होता, पाण्याला ओढ होती. सरिताला घेऊन नाव मधोमध गेल्यावर इंजन खोकलं आणि गप झालं. ग्यानबा दोरी ओढतोय, ओढतोय, आणि नाव आडवी होऊन पुलाकडं निघाली. सरिताचं कण्हणं काठापर्यंत येत होतं. नावेत मी असतो तर तळ धरला असता. मी पाटावर बसलो होतो, गळ्यात झेंडू घालून.

अनुसयाबाईनं मला उचललं. दोरासकट छातीशी धरून ती पुलावर धावली. "धनी, दोर धरा," म्हणत होती. अगं बाई, नांगर नावेतून टाकायचा असतो, पुलावरून टाकून काय उपयोग. पण तिला हे सांगायचं कुणी? आणि तिनं तरी नुसतं बघत कसं उभं राहायचं?

नाव धडकली. तार तुटली, ड्रम फाकले, आणि आम्ही दोघं पाण्यात गेलो.

मी खाली चाललो, दुसरं मला येतच नाही. तिनं सोडलं असतं तर ती वर गेली असती. सोड मला, सोड मला, एवढंच माझ्या मनात होतं. ती सोडीना. पूजेला बसवलेलं पाण्यात कसं टाकायचं, हेच तिच्या मनात असणार.

तुटलेल्या ड्रमांसकट नाव काठाला लागली. सरिता सुखरूप सुटली, मुलगी झाली. अनुसयाबाई दुसऱ्या दिवशी पाण्यावर सापडली. मला कुणी शोधलं नाही.

आता उन्हाळ्यात पाणी हटलं, तसा परवा ग्यानबा आला. शेजारी बसला. माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "काहून धरून ठेवलंस रे तिला?"

आणि उठून गेला.

मी तिला धरलं नव्हतं, ग्यानबा. तिनं मला धरलं होतं. हे तुला कोण सांगणार? तू नवा नांगर करशील. नवमीला त्याची पूजा कर, हळद लाव, हार घाल, पण नावेतच ठेवून, दोर बांधलेला असताना कर. पुलापुढं खांब ठोक. आणि एकदा परत ये. तिनं घातलेल्या हाराचा दोरा अजून माझ्या कडीत अडकलाय. तेवढा काढून घरी ने.