रडारवरचा दुसरा माणूस

कासिमिरो चोकेची बदली लिमाला झाली. पण ती झालीच नाही असं धरून चालू. रडार चालवणारा तेओदुलोही तसंच धरून चालला होता.

लिमाच्या वरच्या अंगाला, उघड्याबोडक्या दरीत ते रडार. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावरच्या आभाळात, शंभरेक किलोमीटर उंचावर विजेचा प्रवाह वाहतो आणि त्यात लहरी उठतात. रडारनं हाक मारायची, लहरींनी ओ द्यायची. दरीत ओ देणारं तेवढंच.

रडार सुरू करायला नियमानं दोन माणसं लागत. एकानं अँटेनांच्या मैदानातल्या शेळ्या हाकलून फोनवर "मैदान मोकळं" म्हणायचं. दुसऱ्यानं आत "ऐकलं" म्हणून वहीत सही करायची. म्हातारे फिदेन्सियो निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हापासून तेओदुलो मैदानात फोनवर बोलायचा, रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून आत पळायचा आणि धापा टाकत "ऐकलं" म्हणायचा. सहीपुरता त्यानं कासिमिरो जन्माला घातला.

सहीवर काही कासिमिरो थांबला नाही. त्याचं अक्षर टपोरं होतं आणि लहरींच्या बारीकसारीक नोंदी तोच ठेवायचा. तेओदुलो दुपारी दोन बशा मांडू लागला. भाजलेला मका कमी पडला, तर कासिमिरो मोठ्या मनानं आपला वाटा सोडायचा. दोन वर्षांत एकदाच वाजलं, फुटबॉलवरून. तीन दिवस अबोला होता, तेओदुलोच्या बाजूनं.

मग मुख्य कचेरीतून इंजिनीयर रोसाउराबाईंचा फोन आला. कासिमिरोच्या नोंदींवर सगळे खूश होते. सोमवारी त्याला न्यायला गाडी येणार होती.

"बाई, तो नाही यायचा."

"का?"

"बुजरा आहे."

"इथं सगळे बुजरेच आहेत. आणि त्याच्यावाचून तुमचं काय अडतंय? दुसरा माणूस देऊ की, जागा मंजूर झाली की."

खरं सांगावं तर रडार त्याच दिवशी बंद, म्हणजे लहरीही गेल्या. विचारून सांगतो, म्हणून तेओदुलोनं फोन ठेवला. आणि विचारलंही. कासिमिरो काही बोलला नाही. त्याला जायचं असावं.

रविवारी तेओदुलोनं अर्ज लिहिला, कासिमिरोच्या अक्षरात, कारण ते वाचता येतं:

"महोदया, श्री. कासिमिरो चोके यांची बदली रद्द व्हावी. ते शक्य नसल्यास, रडार बंद पडू नये म्हणून, सदर अर्जदारास पुढील आदेशापर्यंत दोन माणसे समजण्यात यावे, व त्या दोघांस एकमेकांपासून दूर नेमण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."