आणखी एक चिमाजी

नरहरी राऊत मूळचे एडवणचे. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, मागच्या दारी समुद्र होता, पण त्यांचा जीव रमायचा तो इतिहासात. शिक्षक झाल्यावर त्यांची नेमणूक बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आंबेपाड्यावर झाली. शाळा एकशिक्षकी, भिंती कुडाच्या. बोईसरला खोली घेऊन ते सायकलीने ये-जा करत. दिवसा मुलांची शाळा असायची आणि दिवेलागणीला मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग. त्या वर्षांत प्रौढांना शिकवण्याची मोहीमच निघाली होती.

दिवसभर राबून आलेली माणसं पाटीवर रेघा ओढता ओढता पेंगायची. त्यांना जागं कसं ठेवायचं, याचा विचार करता करता नरहरींना एक युक्ती सुचली. ज्याला त्याला आधी स्वतःचंच नाव लिहायला शिकवायचं आणि त्या नावाचा कोण मोठा माणूस होऊन गेला, त्याची गोष्ट सांगायची. जिवल्याला त्यांनी जिवा महालाची गोष्ट सांगितली. प्रतापगडाखाली महाराजांवर चालून आलेल्याचा हात याच जिवाने वरच्या वर तोडला, हे ऐकल्यावर जिवल्या त्या दिवशी पाठ ताठ करून बसला. गोमाला जिजाऊंचा विश्वासू गोमाजी नाईक मिळाला. महादूला महादजी शिंदे मिळाले, ज्यांनी दिल्लीच्या बादशहाला त्याच्या गादीवर परत नेऊन बसवलं. स्वतःसाठी नरहरींनी संत नरहरी सोनार राखून ठेवले होते. सोमीने मात्र गोष्ट मागितलीच नाही. ती सोमवारची, म्हणून सोमी. आपल्या नावाचा आख्खा वार आहे, एखादं माणूस कशाला हवं, असं ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसला.

सोमीचा नवरा चिंधू तिच्या पलीकडे बसलेला होता. तिशीचा, सडपातळ, अक्षर सगळ्यांत वळणदार. त्याने विचारलं, "माज्या नावाचा कोण, गुरुजी?"

नरहरींनी आठवून पाहिलं. शोधून सांगतो म्हणाले.

ते खरोखरच शोधू लागले. सुट्टीच्या दिवशी पालघरच्या वाचनालयात जाऊन बसले. राजे झाले, सरदार झाले, संत झाले, पण चिंधू नावाचं कुणी सापडेना. चिंधी म्हणजे काय हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं, तरी दर वेळी रिकाम्या हाताने परतताना त्यांना त्या नावाचाच राग यायचा. एवढ्या हुशार माणसाला आईबापांनी फाटक्या फडक्याचं नाव द्यावं, हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. चिंधू पुन्हा विचारायचा नाही, पण इतरांच्या गोष्टी चालू असल्या की पाटीकडे बघत बसायचा.

शेवटी त्यांना एक नाव सुचलं. चिंधू रोज बोईसरच्या नाक्यावरून ठेकेदाराच्या ट्रकमध्ये बसून तारापूरच्या किनाऱ्यावर कामाला जायचा. तिथे विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता. त्याच तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांनी फिरंग्यांकडून घेतला होता. चिंधू आणि चिमाजी यांत अंतर ते कितीसं? नरहरींनी ती गोष्ट अशी रंगवून सांगितली की सुरुंग उडाल्याचा धूर जणू वर्गातच पसरला. तारापूर पडलं, पुढे वसई पडली, उभ्या किनाऱ्यावरचं फिरंग्यांचं राज्य आटोपलं. मग ते चिंधूला म्हणाले, "तू चिमाजी हो. लिहायलाही शोभून दिसेल."

चिंधू त्या दिवशी पाटी काखेत मारून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला तो पाटीवर 'चिमाजी' लिहूनच आला. पुढच्या आठवड्यात त्याने मुकादमाला सांगून कामावरचं नावही बदलून घेतलं; पाड्यावर मात्र सगळे त्याला चिंधूच म्हणत. नरहरींना फार बरं वाटलं. आपण एका माणसाच्या अंगावरचं फडकं काढून शेला घातला, असं त्यांना वाटलं आणि तो आनंद त्यांनी बरेच दिवस पुरवला.

मग एके दिवशी दुपारी चिंधूची आई बायडी शाळेच्या दाराशी येऊन बसली. तिच्या अंगात बोलण्यापेक्षा गप्प बसण्याची ताकद जास्त होती. मुलं पांगेपर्यंत ती थांबली आणि मग हळूहळू, जमिनीकडे बघत तिने सांगितलं ते असं : चिंधूच्या आधी तिची तीन पोरं गेली. एक रांगायला लागलं होतं, बाकीच्यांना तेवढीही सवड मिळाली नाही. चौथा झाला तेव्हा तिने त्याला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून वाटेवर ठेवला, टाकून दिल्यासारखा. शेजारणीने उचलला आणि एका चिंधीच्या बदल्यात तिला परत विकला. म्हणून चिंधू. ज्याची किंमत चिंधीएवढी, त्याच्यावर मरणाची नजर कशाला जाईल?

"त्याला झाकून ठेवला होता मी," बायडी म्हणाली. "तुमी उगडा केला."

नरहरींनी तिची समजूत घातली. काळ बदलला, आता दवाखाने आहेत, लशी आहेत, नावाने कुणी मरत नाही की जगत नाही, असं बरंच बोलले. बायडीने ऐकून घेतलं. उठताना एवढंच म्हणाली की नाव तुम्ही दिलंत, तर नजर पण तुम्हीच ठेवा.

तिचं बोलणं नरहरींच्या मनात सलत राहिलं. कारण एक गोष्ट त्यांनी वर्गात सांगितली नव्हती. वसई घेतल्यानंतर चिमाजी अप्पा फार जगले नाहीत, ऐन तिशीतच गेले. ते दुखणाईतच होते. विजयाची गोष्ट विजयापाशी थांबवावी म्हणून नरहरींनी पुढचं गाळलं होतं. शिवाय आणखी एक चिमाजी होता, त्याचं तर त्यांनी नावही घेतलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. कामगारांना घेऊन जाणारा ट्रक एका सकाळी समोरून आलेल्या गुरांना वाचवायला गेला आणि मोरीवरून घसरून खाली ओढ्यात कलंडला. दोघं जागच्या जागी गेले, बरेच जखमी झाले. मिळेल त्या गाडीने कुणाला वाणगावला नेलं, कुणाला पालघरला. आंबेपाड्यावर बातमी पोचेपर्यंत दुपार कलली होती. चिंधूचा चुलतभाऊ गोमा आणि सोमी तसेच निघाले. वाणगावला चिंधू नव्हता. पालघरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात माणसं ठेवलीत असं कळलं. तिथे गोमाने विचारलं, चिंधू नावाचा आहे का? नाही, असं उत्तर मिळालं. सोमी शेजारी उभी होती, पण नवऱ्याचं नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं, तेव्हाही उच्चारलं नाही. गेलेल्या दोघांना कुठे नेलं ते कुणी धड सांगू शकेना. चिंधू त्यांतच असणार असं धरून गोमा आणि सोमी पायी परत आले.

नरहरी तेव्हा रजेवर एडवणला होते. सोमवारी शाळेत आले तर पोरं आलेली नव्हती. पाड्यावर गेले. चिंधूच्या अंगणात माणसं बसली होती आणि बायडी कुडाला टेकून, डोळे मिटून, संथ सुरात रडत होती. त्या रडण्यात आधीच्या तिघांची गाऱ्हाणी होती आणि आता चौथ्याचंही. नरहरींना पाहून तिचा सूर थांबला. बोलली असती तर बरं झालं असतं.

गोमाने घडलेलं सगळं सांगितलं.

"कोणत्या नावानं विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"कोंच्या म्हंजे? त्याच्याच."

नरहरींनी सोमीकडे पाहिलं. तिच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं असावं, कारण ती उठून उभी राहिली. कुणालाच आशा लावू नये म्हणून नरहरी मोठ्याने काही बोलले नाहीत. गोमाला सायकलीवर मागे बसवून त्यांनी बोईसर गाठलं आणि मिळाली ती गाडी पकडली.

गाडीत त्यांच्या डोळ्यांसमोर तो दुसरा चिमाजी येत राहिला. पेशवाई उतरणीला लागली होती, तेव्हाचं एक लहान पोर. कारभाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी त्याला उचलून पेशव्यांच्या गादीवर बसवलं आणि सोय सरल्यावर काही महिन्यांतच खाली उतरवलं. त्या पोराला कुणी विचारलं नव्हतं. आपणही वेगळं काय केलं, नरहरी मनाशी म्हणत होते. आपल्या वर्गात एकही जागा रिकामी दिसू नये म्हणून एक नाव उचललं आणि त्यावर एक माणूस बसवला.

पालघरच्या त्याच दवाखान्यात त्यांनी चिमाजीची चौकशी केली. नर्सने लगेच आतली खोली दाखवली.

चिंधू खाटेवर पडला होता. एक पाय प्लास्टरमध्ये, कपाळावर पट्टी, पण शुद्धीवर, चहात पाव बुडवून खात. गोमाला पाहताच तो रुसल्यासारखा तोंड फिरवून बसला. एवढे दिवस झाले, घरचं कुणी कसं फिरकलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आजूबाजूच्या खाटांवर रोज माणसं यायची, भाकऱ्या यायच्या, आणि हा दाराकडे बघत राहायचा. आपण मेलो असं घरी समजलेत, हे कळल्यावर त्याच्या हातातला पाव चहात पडला. नाव विचारलं तेव्हा त्याने चिमाजी सांगितलं होतं, कारण कामावर तेच होतं, आणि खरं सांगायचं तर ते सांगायला त्याला बरंही वाटलं होतं.

गोमा ओल्या डोळ्यांनी हसायला लागला. नरहरी मात्र बाहेर जाऊन बाकावर बसले.

चिंधू घरी आला तो बैलगाडीतून, पाय पेंढ्यावर ठेवून. नरहरी बायडीसमोर गेले ते मनाची तयारी करूनच. नाव परत घेतो, मुकादमाला मीच जाऊन सांगतो, असं त्यांनी म्हटलं. बायडीने मुलाच्या कपाळावरून हात फिरवला, बराच वेळ त्याला न्याहाळलं आणि मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मरण चिमाजीला शोधत आलं व्हतं. आत बघतंय तर चिंधू. तसंच माघारी गेलं."

हे उत्तर नरहरींना कोणत्याही वाचनालयात मिळालं नसतं, आणि त्याच्यावर वाद घालण्याची त्यांची इच्छाही उरली नव्हती.

उन्हाळ्यात, चिंधू काठी टेकत चालू लागल्यावर, दोघं एकदा तारापूरचा किल्ला बघायला गेले. चिंधूलाच तो बघायचा होता. एवढे दिवस ट्रकमधून त्या बाजूला जात होता, पण कधी उतरला नव्हता. तटाच्या सावलीत बसून नरहरींनी त्याला राहिलेली गोष्ट सांगितली. अप्पा लवकर गेले ते सांगितलं, गादीवरून उतरवलेल्या त्या पोराचंही सांगितलं, आणि आपण तुझ्या बाबतीत तसंच वागलो असं वाटतं, हेही सांगितलं.

चिंधू काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढत ऐकत होता. "तो लहान व्हता, गुरुजी," तो म्हणाला. "मी नाय. तुमी दिलंत ते मी एक दिस घरी ठेवलं, बघितलं, मंग घेतलं." कामावर चिमाजी आणि पाड्यावर चिंधू, असं चालणार होतं. त्यात त्याला काही अडचण दिसत नव्हती.

मग तो तटाकडे बघत राहिला. दगडांच्या फटींतून पिंपळाची रोपं उगवली होती, पलीकडे कुणाच्या तरी वाडीतली रहाटाची कुरकुर ऐकू येत होती.

"सुरुंग उडाल्यावर आदी आत कोण शिरलं?"

"पुष्कळ जण," नरहरी म्हणाले. "बाजी भिवराव इथंच गोळी लागून पडले, त्यांचं नाव राहिलं. बाकीच्यांची नावं कुणी लिहिली नाहीत."

"आपल्या बाजूचे असतील त्यात?"

"असतील. आसपासची माणसं घेतल्याशिवाय एवढा वेढा चालत नाही."

"मंग एकादा चिंधू असंलच," तो म्हणाला.

नरहरींच्या ओठांवर आलं होतं की त्याला पुरावा नाही. त्यांनी ते गिळलं. तिथे मेलेल्या माणसांच्या आयांनीही कधीतरी कुणाला तरी वाटेवर ठेवून परत विकत घेतलं असेल, एवढं त्यांना नाकारता येत नव्हतं.

ऊन चढायला लागलं तसे दोघं उठले. बाजारात ताडगोळे विकायला आले होते, ते त्यांनी उभ्या उभ्या खाल्ले. चिंधूचा पाय दुखायला लागला होता, म्हणून मग ते रस्त्याच्या कडेला बसून बोईसरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत राहिले.