जाईबाईंची साक्ष

"फेटा काढ," कोंडीबा वकील गुंडा नावाच्या विद्यार्थ्याला म्हणाले. "आपण कोर्ट भरवतोय, वगनाट्य नाही."

गुंडा डोक्याला हात लावून तसाच उभा राहिला. कायद्याच्या त्या कॉलेजात दरसाल लुटुपुटीचं कोर्ट भरे, पण आरोपी पाटील व्हायला कोणी राजी नसे. यंदा गुंडा आपणहून पुढे आला होता. रहिमतपूरच्या नाटकमंडळीकडून त्याने फेटा आणि करकरणाऱ्या वहाणाही आणल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे, कोंडीबा," भिंतीशी टेकलेल्या जाईबाई म्हणाल्या. "फेट्याबिगर त्यो पाटील कसा दिसंल? आन मला जमतंय का न्हाई, ते तरी कसं कळंल?"

काय जमायचं ते कोंडीबांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

कोंडीबा आणि जाईबाई माणदेशातल्या एकाच गावचे, एकाच वस्तीतले. धर्मांतरानंतर वर्ष-दीड वर्षात जाईबाईंच्या मुलाने, सिद्धूने, चावडीवर सांगितलं, यापुढे मेलेली ढोरं आम्ही ओढणार नाही. पाटलाने त्याला ओढ्याकाठी काठीने मारून टाकलं, आणि ते जाईबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. खटला उभा राहिला. त्या साक्षीला उभ्या राहत होत्या, तोच जामिनावर सुटलेला पाटील वहाणा करकरवत आत आला आणि बाईंचं अंग आपसूक वाकलं. हात जमिनीला लागला, तोंडातून जोहार निघाला. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती. धर्म बदलला, पण कमरेला कोण सांगणार? आरोपीचा वकील टपूनच बसला होता. "पोराच्या मारेकऱ्याला कुठली आई जोहार घालते?" त्याने विचारलं. जाईबाईंची साक्ष तिथेच मोडली. दुसरा साक्षीदार कोणी पुढे आला नाही. पाटील सुटला.

त्या दिवशी कोर्टात आपल्यातला एकही काळा कोट नव्हता, ही सल कोंडीबांना झोपू देईना. मुंबईत नोकरी करत ते वकील झाले. मग साताऱ्यात, सरकी ठेवायच्या जुन्या गोदामात, वस्तीवस्तीतून धान्य मागून त्यांनी हे कॉलेज काढलं. शहरातल्या बड्या लोकांनी 'ढोरं ओढणाऱ्यांचं लॉ कॉलेज' म्हणून यथेच्छ टवाळी केली. पोरं सनदा घेऊन बाहेर पडू लागली तशी ती तोंडं मिटली. मात्र वर्गात शिरताना कोंडीबांना अजूनही मागच्या बाकावर सिद्धू दिसे. वकील होण्याचं वेड मुळात त्यांच्या या बालमित्राचं. त्या बाकावर कोणी बसत नसे, आणि बसू नका असं कोणी सांगितलेलंही नव्हतं.

दरसाल हाच खटला चाले. जाईबाई एसटीने येत आणि आपली साक्ष आपण देत. दरसाल आरोपी आत आला की त्या वाकत आणि पोरं माना खाली घालत. यंदा खोकल्याने त्यांना पार पोखरलं होतं. आल्या आल्याच म्हणाल्या, "मरायच्या आदी एक डाव न वाकता बोलायचं हाय. न्हाईतर सिद्धूला काय तोंड दावू?"

कोर्ट भरलं. दोन बाकं आडवी लावून केलेल्या पिंजऱ्यात जाईबाई उभ्या राहिल्या. कोंडीबा पोरांमध्ये पुढेच बसले. बाहेरच्या फरशीवर वहाणा करकरल्या, तशी जाईबाईंनी बाकाची कड घट्ट धरली. करकर जवळ आली. दारात फेटा दिसला.

"तुमच्या मुलाला कोणी मारलं?" सरकारी वकील झालेल्या पोराने विचारलं.

"ह्या मानसानं." जाईबाईंचा आवाज सरळ आला, कुठे अडखळला नाही. "माज्या डोळ्याम्होरं मारलं. माज्या सिद्धूला."

कोंडीबांचा ऊर भरून आला. जमलं, म्हातारीला जमलं. त्यांना तिचा चेहरा बघायचा होता, पण दिसत होती ती फरशी, अगदी जवळ. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कमरेत वाकून उभे आहोत आणि आपला उजवा हात जमिनीला टेकलेला आहे.

गुंडाने घाईघाईने फेटा उतरवला. जाईबाई पिंजऱ्यातून निघाल्या, हळूहळू चालत आल्या आणि त्यांनी कोंडीबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ, लेकरा," त्या म्हणाल्या. "गेला त्यो."

कोंडीबांना लगेच उठता आलं नाही.